बाबांच्या हृदयासाठी टर्कीची वीट

...आणि वर मलाच म्हणतात, ‘सिग्नी, तू फार मनाला लावून घेतेस!’ मी? मनाला? अहो, सात वर्षं कॅलिफोर्नियात काढली, आहारशास्त्राची पदवी घेतली, आणि दोन बॅगा, एक थर्मामीटर घेऊन मिनेसोटातल्या या एवढ्याशा गावात परत आले, ती काय मनाला लावून घ्यायला? तुम्हाला खरं सांगते, मला वाटलं होतं... हसू नका हं... मला वाटलं होतं, मी दारात उभी राहीन, आई डोळे पुसेल, बाबा म्हणतील, ‘आलीस पोरी! आता तूच सांग आम्ही काय खायचं. आम्ही आजवर नुसते लोण्यात बुडालो होतो!’ मग हळूहळू शेजारपाजार जमेल, चर्च जमेल, आणि मी एकेकाला हाताला धरून त्या लोण्यातून बाहेर काढीन! आणि झालं काय? दारात उभी राहिले. आई म्हणाली, ‘आलीस? रस्ता बरा होता?’ बाबा म्हणाले, ‘पुलाचं काम चालू आहे ना अजून?’ संपलं! सात वर्षांनी पोरगी घरी आली, आणि पुलाचं काम!

आता तुम्ही विचाराल, मग आलीसच कशाला? सांगते ना! फेब्रुवारीत आईचा फोन आला. आधी हवा. मग लव्हॉन आत्याचे गुडघे. मग बर्फ काढायचं मशीन बिघडलं ते, मग ते कोणी दुरुस्त केलं ते, मग दुरुस्त करणाऱ्याच्या बायकोचा चुलतभाऊ... आणि फोन ठेवता ठेवता, ‘हां, बाबांना जरा छातीत झालं होतं, पण आता बरे आहेत. ठेवते गं, केक ओव्हनमध्ये आहे.’ जरा! छातीत! मला तीन आठवड्यांनी आत्याकडून कळलं, की जरा म्हणजे काय. जरा म्हणजे गोठलेल्या तळ्यावरच्या झोपडीत मासे धरत बसलेले बाबा जागीच आडवे झाले, शेजारच्याने त्यांना घसरगाडीवर घालून किनाऱ्यापर्यंत ओढत आणलं, आणि हॉस्पिटलात त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसवले! मी रडत रडत फोन केला, ‘आई! हे तू मला सांगितलं का नाहीस?’ तर आई शांतपणे म्हणते, ‘सांगितलं की! छातीत म्हणाले ना मी?’

आता मला सांगा, माणसानं समजायचं कसं?

म्हणून आले. नोकरी सोडून आले. बाबा एकच आहेत मला. डॉक्टरने दिलेला कागद मी फ्रिजच्या दारावर लावला आणि लाल पेन घेऊन बसले. गोमांस, फुली. डुकराचं मांस, फुली. लोणी, फुली. मीठ, फुली. साय, फुली. तळलेलं, फुलीवर फुली. आई बाजूला उभी राहून बघत होती. म्हणाली, ‘पेन चांगलं चालतंय नाही?’

आणि मग मी गुरुवार हातात घेतला. गुरुवार म्हणजे आमच्या घरी मीटलोफ. आईबाबांच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली, चौतीस वर्षं दर गुरुवारी मीटलोफ! गाईचा खिमा, डुकराचा खिमा, कांदा, अंडं, पावाचा चुरा, सगळं मळायचं, पावाच्या लांबट साच्यात थापायचं, वरून केचपचा थर, आणि तासभर ओव्हनमध्ये. बाबांच्या छातीत जे काही साठलं होतं ना, त्यातलं निम्मं तरी गुरुवारचं असणार! मी म्हटलं, गुरुवार राहील, मीटलोफ राहील, फक्त खिमा टर्की पक्ष्याचा. आहे काय त्यात? बाबा म्हणाले, ‘टर्की तर नोव्हेंबरात असते, थँक्सगिव्हिंगच्या सणाला.’ मी म्हटलं, ‘बाबा, टर्की बाराही महिने असते.’ बाबांनी खिडकीबाहेर बघितलं. जणू ही बातमी टर्कीला कुणी दिली आहे का, ते बघत होते.

आणि हो, एक सांगायचं राहिलं. मी स्वतः मांस खात नाही. सहा वर्षं झाली. परत आल्यावर घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, ‘बरं. मग हॅम चालेल ना?’ ‘नाही, आई.’ ‘चिकन?’ ‘नाही.’ ‘मासा तरी?’ ‘आई, बीन्स, डाळी, भाज्या असं खाते मी.’ आईने खूप वेळ विचार केला. मग मला एक उकडलेला बटाटा दिला. तेव्हापासून रोज देते. आईची चूक नाही हो, तिला आयुष्यात कुणी असा प्रश्नच घातला नव्हता!

तर पहिला गुरुवार. टर्कीच्या खिम्यात चरबी कमी, आणि मी पुस्तक वाचून शिकलेली, म्हणजे थर्मामीटरवर आतलं तापमान एकशे पासष्ट फॅरनहाइटला गेलं की काढायचं हे पाठ. पण बाबांचं हृदय! मी म्हटलं, जंतूबिंतू नकोत, एकशे ऐंशीला काढू. काढला. साच्यातून पालथा केला तर खण्णकन वाजला. वीट! भाजलेली वीट! सुरीने कापला तर तुकडे पडेनात, भुगा पडायला लागला. वाढला. मी माझा बटाटा घेऊन समोर बसले आणि बाबांच्या तोंडाकडे बघत राहिले. बाबा चावतायत... चावतायत... आई पाणी पितेय... बाबा अजून चावतायत. शेवटी गिळला. काटा खाली ठेवला. आणि म्हणाले, ‘वेगळं झालंय हं, सिग्नी.’

अहो, मी तरंगले! तरंगले! तुम्हाला सांगते, कॅलिफोर्नियात ‘वेगळं’ म्हणजे काय माहीत आहे? प्रोफेसर म्हणायचे, ‘तुझा विचार वेगळा आहे,’ की पहिला नंबर! एका मुलाने मला ‘तू वेगळी आहेस’ म्हटलं, तर मी दोन वर्षं त्याच्याबरोबर राहिले! आणि इथे प्रत्यक्ष माझे बाबा, ज्यांनी मला शाळेत बक्षीस मिळालं तेव्हा ‘फ्रेम चांगली आहे’ म्हटलं होतं, ते म्हणतात वेगळं झालंय! मी उठून त्यांना मिठी मारली. बाबांनी माझ्या खांद्यावर दोन थापा मारल्या, आणि म्हणाले, ‘तो केचप जरा इकडे दे.’

केचप! वरचा थर मी काढून टाकला होता ना, साखर म्हणून. म्हणून बाटली टेबलावर आली. बाटली उलटी झाली. तो आवाज तुम्ही ऐकला असेल, फुस्स... फुस्स... फर्रर्र... आणि तुकडा दिसेनासा झाला. मग आईने बाटली घेतली. फर्रर्र. मी म्हटलं, असू दे, चौतीस वर्षांची सवय आहे, हळूहळू सुटेल.

दुसरा गुरुवार. मी म्हटलं, कोरडं झालं होतं थोडं, आपण चूक मान्य करावी. पावाचा चुरा दुधात भिजवला. भरपूर भिजवला. वर एक पेला भाजीचं पाणी. साचा पालथा केला तर काय, लोफ उभाच राहीना! पसरला! ताटभर पसरला! आईने काटे उचलले आणि चमचे आणून ठेवले. बाबांनी खाल्लं. म्हणाले, ‘गेल्या वेळेपेक्षा वेगळं झालंय.’ मी पुन्हा तरंगले! आधीचं वेगळं, त्याहून हे वेगळं, म्हणजे प्रगती! फर्रर्र.

तिसऱ्या गुरुवारी काकडीसारखी हिरवी झुकिनी किसून घातली, ओलाव्यासाठी. आतून सगळा हिरवा निघाला. त्या दिवशी लव्हॉन आत्या जेवायला होती. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, चर्चच्या स्वयंपाकघराची मालकीण म्हटलं तरी चालेल. तिथला एक चमचासुद्धा तिला विचारल्याशिवाय हलत नाही. तिने तुकडा काट्यावर घेतला, उजेडात धरला, आणि म्हणाली, ‘कॅलिफोर्नियात असं खातात वाटतं. बरं बरं.’ मग बाबांकडे वळून, ‘ऑर्व्ही, तुझं गवत कापायचं मशीन झालं का रे दुरुस्त?’ मी म्हटलं, ‘आत्या, कसं झालंय?’ ‘अगं वेगळंच झालंय!’ वेगळं-च! च लावला तिने! मी इतकी खूश, की तिथल्या तिथे तिला म्हटलं, ‘मे महिन्यात चर्चमध्ये सगळ्यांचं जेवण आहे ना, ज्याने त्याने घरून एकेक पदार्थ आणायचा, तर मी हा आणते!’ आत्याचा काटा हवेतच थांबला. ‘बघ, तुला फार त्रास नसेल तर.’ ‘त्रास कसला!’ ‘नाही, म्हणजे, तू नुसती काकडी आणलीस तरी चालेल.’ ‘छे, लोफच आणते!’ आत्याने आईकडे बघितलं. आईने बाबांकडे. बाबांनी केचपकडे.

आणि मग दोन दिवसांनी ते झालं. मी जिन्यात होते, आई फोनवर बोलत होती. ‘हो ना, रविवारी चर्चमध्ये गायली ती,’ आई म्हणत होती, ‘काय सांगू... वेगळंच गायली.’ आता ती बाई म्हणजे आमच्या पाद्रीबुवांची बायको. तिचं गाणं मी लहानपणापासून ऐकतेय. गॅरेजचं गंजलेलं शटर वर घेताना जो आवाज येतो ना, तो! मी जिन्यातच खाली बसले. मला आठवलं, हो! समोरच्यांनी घराला जांभळा रंग दिला तेव्हा अख्खी गल्ली म्हणत होती, ‘रंग वेगळा आहे.’ आत्याच्या पहिल्या नवऱ्याला सगळे म्हणायचे, ‘माणूस वेगळा होता,’ आणि तो तर तिची गाडी घेऊन पळाला होता! मी हे सगळं ऐकत मोठी झाले, आणि सात वर्षांत विसरले! स्वतःची भाषा विसरले!

मी धावत खाली गेले. ‘आई, वेगळं म्हणजे काय?’ ‘वेगळं म्हणजे वेगळं.’ ‘म्हणजे वाईट?’ ‘अगं, वाईट कोण म्हणतंय!’ ‘मग चांगलं?’ ‘आज बाहेर वारा आहे नाही फार?’ ‘आई! माझा लोफ बिघडलाय का? काय बिघडलंय त्यात? एका शब्दात सांग!’ आई बिचारी लाल झाली. तिने टेबल पुसलं. पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं. ‘तू किती मेहनत घेतेस गं,’ म्हणाली.

आता मला सांगा, माणसानं समजायचं कसं?

मी म्हटलं, ठीक आहे, नाही सांगत ना, मी शोधून काढीन, शिकलेली आहे मी! कोरडा होता, मग पाण्यासारखा होता, मग हिरवा होता. म्हणजे प्रश्न ओलाव्याचा आहे. मी ओलाव्याच्या मागे लागले. चौथ्या गुरुवारी सफरचंद किसलं, पाचव्या गुरुवारी ओट्स. आणि सहाव्या गुरुवारी, तुम्हाला सांगते, मला सापडलं! मशरूम आणि कांदा अगदी बारीक चिरून, पाणी आटेपर्यंत परतून, गार करून. चुरा दुधात नुसता भिजेल इतकाच. खिमा मळायचा नाही, हलक्या हाताने एकत्र करायचा. थर्मामीटर एकशे पासष्ट म्हणाला की त्या मिनिटाला बाहेर, आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. कापला... अहो, कापला, आणि सुरी लोण्यातून जावी तशी... लोणी नाही, फुली... पण तशी गेली! सरळ तुकडा, आतून ओलसर, रस चमकतोय! मी बटाट्याला हात लावला नाही. बाबांनी पहिला घास घेतला. चावला. पटकन गिळला! भुवया वर गेल्या! ‘ओलसर झालाय,’ म्हणाले. ओलसर! मी टेबलाची कड घट्ट धरली. ‘आणि?’ बाबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. ‘वेगळा आहे,’ म्हणाले. ‘केचप आहे का गं?’

तुम्ही असता तर काय केलं असतं? मी खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून ओरडले. आणि दोनच दिवसांनी चर्चचं जेवण.

जेवण म्हणजे संध्याकाळी पाचला. चर्चच्या तळघरात लांब टेबल, त्यावर ओळीने सगळ्यांचे साचे, तळाला चिकटपट्टीवर नावं लिहिलेली, म्हणजे कुणाचं भांडं कुणाकडे जायला नको. आणि त्या नावाचंच तर सगळं आहे! आमच्याकडे कुणी तोंडाने काही बोलत नाही, पण भांडं बोलतं. भांडं रिकामं घरी नेलं तर ती बाई वर्षभर ताठ मानेने चालते. भरलेलं नेलं तर... आत्या एका बाईबद्दल अजून हळू आवाजात सांगते, की तिची गाजराची जेली आली तशी परत गेली होती, आणि पुढच्या वर्षी ते लोक गाव सोडून गेले. बदली झाली होती हो! पण सांगायचं असं!

माझा साचा आत्याच्या साच्याशेजारीच. तिचा गोमांसाचा, वर बेकनच्या पट्ट्या, बाजूने चरबी बुडबुडतेय. माझा मशरूमवाला. लोक येतायत, ‘अगं सिग्नी, कधी आलीस? पुलाचं काम बघितलंस का?’ असं म्हणत माझ्या लोफवरून नजर फिरवतायत, ‘अरे वा, वेगळंच दिसतंय,’ आणि आत्याच्या साच्यात सुरी घालतायत. दोघीतिघींनी भिडेखातर माझा घेतला, पण इतका पातळ, की पलीकडचं दिसावं. आणि आत्याच्या साच्यात एकच तुकडा उरला तर तो कुणी घेईना, शेवटचा घेणं वाईट दिसतं ना. मग एकाने त्याचा अर्धा घेतला, दुसऱ्याने त्या अर्ध्याचा अर्धा, शेवटी नाण्याएवढा कपचा राहिला! आणि माझा अख्खाच्या अख्खा!

मला तिथे उभं राहवेना. मी आत कॉफी करायला गेले. मोठं भांडं उकळेपर्यंत अर्धा तास आतच राहिले, कप पुसत. आणि बाहेर येऊन बघते तर... साचा रिकामा! अहो, जवळजवळ रिकामा! दोनच तुकडे उरले होते! मला विश्वास बसेना. मी आत्याला म्हटलं, ‘आत्या, बघितलंस?’ आत्या म्हणाली, ‘बघितलं ना.’ आणि तिचा चेहरा, तुम्हाला सांगते, काहीतरी वेगळाच... पण मला कुठे भान! लोकांना पटलं! गाव सुधारलं! मी बाबांना सांगायला वळले, तर बाबा कोपऱ्यातल्या घडीच्या खुर्चीत बसलेले. पांढरेफटक. कपाळावर घाम. एक हात शर्टावर, इथे, छातीच्या खाली.

‘बाबा! काय होतंय?’

आणि बाबा म्हणाले, ‘काही नाही गं. जरा... वेगळं वाटतंय.’

वेगळं! आता मला माहीत होतं ना! आता मला भाषा येत होती! ‘जरा’ म्हणजे दोन स्टेंट, आणि ‘वेगळं’ म्हणजे गंजलेलं शटर! ‘चला हॉस्पिटलला!’ मी म्हटलं. ‘नको नको, मी ठीक आहे.’ ‘बाबा, चला!’ ‘नाही गं, तुझी कॉफी राहील.’ ‘बाबा!!’ आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर बाबा म्हणाले, ‘बरं. तुला तशीही गाडी काढायचीच असेल तर.’ अहो, मी गाडीची किल्लीच काढली! कारण आमच्याकडे कुणी काही देऊ केलं तर दोनदा नको म्हणायचं असतं, ती रीत आहे. पण ती रीत केकसाठी! केक तिसऱ्यांदा घेतात! हॉस्पिटल घेतलं म्हणजे केवढं दुखत असेल!

अँब्युलन्स बोलवू म्हटलं तर म्हणाले, सगळे बघतील. म्हणून निघालो. निघालो म्हणजे काय, निघतोय! आमच्याकडे निघायला अर्धा तास लागतो! मी बाबांचा दंड धरून ओढतेय, आणि बाबा जिन्यात थांबून, ‘बरं, येतो आम्ही.’ ‘निघालात? एवढ्यात?’ ‘हो, जरा कंटाळा आलाय.’ कंटाळा! ‘हवा सुधारतेय नाही?’ ‘हो, पण वारा आहे.’ दारात पाद्रीबुवा. ‘ऑर्विल, यंदा मका कधी पेरताय?’ आणि बाबा, घामाने निथळत, छाती धरून, त्यांना मका सांगतायत! मी ओरडले, ‘पाद्रीबुवा, मका नंतर!’ सगळं तळघर वळून बघायला लागलं. आई मागून हळूच म्हणाली, ‘सिग्नी, किती मोठ्याने.’

आणि हॉस्पिटल बावीस मैलांवर. आणि मध्ये काय? पूल! पुलाचं काम चालू आहे! बाबा मागच्या सीटवरून, डोळे मिटून, बारीक आवाजात, ‘सांगितलं होतं ना मी. फिरून जावं लागेल.’ तेव्हा मी गाडी चालवता चालवता हुंदके देऊन रडले. लाल पेनाच्या फुल्या काय, थर्मामीटर काय, सहा गुरुवार काय, काय उपयोग झाला? हे बाबा असेच हवेबद्दल बोलत बोलत एक दिवस निघून जातील, आणि मला तीन आठवड्यांनी आत्याकडून कळेल, असं वाटलं. आई शेजारी बसली होती. तिने पर्समधून रुमाल काढून माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाली, ‘डावीकडे घे.’

तिथे त्यांना आत नेलं. तारा लावल्या, रक्त घेतलं, पुन्हा घेतलं. दीड तास. मी आणि आई बाहेर. मग तरुण डॉक्टरीणबाई आली आणि आम्हाला आत बोलावलं. म्हणाली, ‘हृदय व्यवस्थित आहे.’ मी भिंतीला टेकले. ‘पोट मात्र गच्च झालंय. ऑर्विल, आज काय खाल्लंत?’

‘टर्की,’ बाबा म्हणाले.

‘किती?’

‘फार नाही.’

आई म्हणाली, ‘ऑर्विल.’

‘आठ,’ बाबा म्हणाले.

‘आठ घास?’

‘तुकडे.’

डॉक्टरीणबाईचं पेन थांबलं. ‘मीटलोफचे आठ तुकडे? का?’

बाबांनी छताकडे बघितलं. छतावर काही नव्हतं. ‘वाया गेलं असतं,’ म्हणाले.

आणि मग मला समजलं हो. साच्यात दहा-अकराच तुकडे बसतात. मी आत कप पुसत होते, तेव्हा बाबा त्या टेबलाशी एकटे उभे राहून, एकामागून एक, माझा साचा रिकामा करत होते. साच्याखाली चिकटपट्टीवर माझं नाव होतं ना. आणि आत्या बघत होती. आणि सगळं गाव बघत होतं, आणि कुणी काही बोललं नाही! मी म्हटलं, ‘बाबा, तुम्हाला आवडलं नाही, असं मला सरळ का नाही सांगितलंत?’ बाबा म्हणाले, ‘रस्त्याला फार गर्दी होती का गं येताना?’

दहा वाजता घरी आलो. निघताना साचा आईने गाडीत घेतला होताच; उरलेले दोन तुकडे तिने फॉइलमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवले, त्या कागदाच्या मागे, त्या लाल फुल्यांच्या मागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठले, असं मला तरी वाटलं. फ्रिज उघडला. फॉइल उघडली. आणि मला एकदम वाटलं, अगं, माझ्या बापाने आठ खाल्ले. मी एक तरी खावा की नाही? सहा वर्षांत पहिल्यांदा, तुम्हाला सांगते, डोळे मिटले आणि थंडगार घास तोंडात घातला.

ओलसर होता. खरंच ओलसर होता. अगदी पुस्तकात लिहिलाय तसा. आणि... आणि ओल्या पुठ्ठ्याची लागते ना, तशी चव! काहीच नाही! मीठच नाही! अहो, डॉक्टरच्या कागदावर ‘मीठ कमी’ लिहिलं होतं, मी फुली मारली होती, फुली! सहा आठवडे मी त्यात मिठाचा एक कण घातला नव्हता, आणि एकदाही चाखला नव्हता! मी ओलाव्याच्या मागे धावत होते, दूध ओत, झुकिनी किस, सफरचंद किस, आणि अख्ख्या घराला, अख्ख्या गावाला माहीत होतं! एक शब्द! तीन अक्षरं! अळणी! एकाने तरी म्हणायचं! अळणी आहे गं बाई, अळणी! आणि मग मी ती केचपची बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली, आणि हिशेब केला, शिकलेली आहे ना मी... बाबा एका गुरुवारी जेवढा केचप ओतत होते, तेवढ्या मिठात माझा पूर्ण लोफ झाला असता. अर्धा चमचा. अर्ध्या चमच्यासाठी मी त्यांना बाटलीभर खायला घातलं.

तेवढ्यात बाबा आले. पायजम्यात, पोटावर हात ठेवून. मी म्हटलं, ‘बाबा, हे अळणी आहे.’ ‘हो का?’ म्हणाले. ‘सहा आठवडे! तुम्ही सांगितलं का नाहीत?’ आणि बाबा, तुम्हाला शपथेवर सांगते, अगदी आईसारखे, अगदी शांतपणे म्हणाले, ‘सांगितलं की! वेगळं म्हणालो ना मी?’

तेव्हा, तिथे, फ्रिजच्या उघड्या दारात मी ठरवलं. गुरुवार सोडायचा नाही. टर्की सोडायची नाही. अर्धा चमचा मीठ घालायचं, पहिला घास मी स्वतः खायचा, केचप गॅरेजमध्ये ठेवायचा, आणि मुख्य म्हणजे, या घरात आजपासून मी तरी सरळ बोलणार. चांगलं तर चांगलं, वाईट तर वाईट, तोंडावर! कुणाला लागलं तर लागू दे, पण माणूस मेल्यावर कळायला नको! असं मी मोठ्याने म्हटलं. बाबांनी मान डोलावली. म्हणाले, ‘ठीक आहे.’

आणि आई आत आली. हातात झाकलेलं भांडं. पाचला उठली होती म्हणे, मागच्या अंगणातल्या जुन्या शेगडीवर शिजवलं, म्हणजे आम्ही जागे व्हायला नको. माझ्यापुढे ठेवलं, झाकण काढलं. ‘तुझ्यासाठी केलंय,’ म्हणाली. ‘मांस नाही घातलं. नुसत्या बीन्स. काल तू रडलीस ना. रोज बटाटाच देते मी तुला, म्हटलं बरं दिसत नाही.’ आणि एप्रनला हात पुसत समोर बसली. आयुष्यात पहिल्यांदा मांसाशिवाय जेवण केलं होतं तिने. मी चमचा भरून तोंडात घातला. बीन्स कच्च्या होत्या. साखर होती. खूप साखर. आणि दालचिनी... आणि बहुधा पुदिना.

आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी चावलं. अजून चावलं. गिळलं. चमचा खाली ठेवला. तोंड उघडलं, सरळ बोलायला, शप्पथ, सरळच बोलायला...

‘वेगळं झालंय हं, आई,’ मी म्हटलं.

बाबांनी केचपची बाटली माझ्याकडे सरकवली.